सखाराममामांची पाव्हणी

सखाराममामांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका झाडाच्या पोटात करंगळी घालून उभे होते.

एकेचाळीस साल असेल. मिरजेला नर्सिंग पुरं करून मी पाचगणीच्या एका क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियममध्ये नोकरीला लागले होते. घर सांगलीचं. क्षय म्हटलं की लोक त्या काळी तोंडाला पदर लावायचे. मी या नोकरीला निघाले म्हणून आई आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पहिल्याच सकाळी मेट्रनबाई मला वॉर्ड दाखवत होत्या. दरीच्या अंगाला लांबलचक व्हरांडा, त्यात ओळीनं खाटा, खाटांवर माणसं. अंगावर दोन-दोन कांबळी आणि तोंडं उघड्या हवेला. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. गार हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं. फार तर सुईनं छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस काही दिवस मिटवून ठेवायचं. एवढ्यावर जो वाचेल तो वाचेल.

व्हरांड्याच्या अगदी टोकाला, तुळईला लाकडी पट्ट्यांची एक टोपली टांगलेली होती. तिच्यात अननसासारखं दिसणारं, पण अननस नव्हे असं एक झाड होतं. तलवारीसारखी करडी-हिरवी पानं, त्यांवर तपकिरी ठिपके, कडेला बारीक काटे. सगळी पानं बुडाशी एकमेकांत घट्ट बसून मधे पेल्यासारखा खोलगट भाग झालेला, आणि त्यात पाणी. त्या पाण्यात करंगळी बुडवून एक हाडापेरानं मोठा, पन्नाशीचा माणूस खांद्यावर घोंगडं टाकून उभा होता.

"सखाराम, ह्या नव्या सिस्टर," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या स्कॉटलंडच्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळं फार स्वच्छ बोलायच्या.

मामांनी करंगळी बाहेर काढली, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"पानी बदलाय आलंय," ते म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं, "राम राम शिस्टरबाई."

सखाराम वीरकर साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातले. दहिवडीच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीवरचे धनगर. एका दुष्काळात सगळी मेंढरं मेली, त्याच वर्षी पटकीनं बायको गेली. सात वर्षांचा मुलगा काखोटीला मारून ते घाट चढून पाचगणीला आले होते. सॅनिटोरियमचं आवार सपाट करायला माणसं हवी होती, म्हणून कुदळ हातात मिळाली. काम संपलं तशी बाकीची माणसं गेली, हे राहिले. कुणी माळी म्हणून नेमल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मुलगा भिकू मोठा झाला आणि पलटणीत भरती झाला. मी आले तेव्हा तो समुद्रापार होता.

मामांच्या हातून पाणी सांडलेलं मी सहा वर्षांत पाहिलं नाही. अर्ध्या तांब्यात ते तोंड, हात, पाय धुवायचे आणि तेच पाणी गुलाबाच्या आळ्यात जायचं. आम्ही नर्सेस हात धुताना नळ सोडून ठेवायचो, तेव्हा ते मान फिरवायचे, एखाद्याचं उघडं अंग दिसल्यासारखे. "झाडाला पानी पाजायचं नसतं," असं त्यांचं म्हणणं. "त्येला तहान लागू द्याची. मग मुळी आपसूक खाली जाती." घोंगडं त्यांच्या अंगावर मेमध्येही असायचं. रोग्यांकडं ते कळपाकडं पाहावं तसे पाहायचे. डॉक्टरांची फेरी झाली की हळूच विचारायचे, "तो चवथा मागं राहतोय न्हवं?" कळपात मागं राहणारं मेंढरू कोणतं, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं.

यावरून एकदा फार वाईट प्रकार झाला. मामा कधीमधी एखाद्या रोग्याच्या खाटेपाशी फुलाची कुंडी आणून ठेवत. काही महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, की ज्याच्याजवळ कुंडी येते तो जातो. रहिमतपूरचे एक शाळामास्तर गेले, मग साताऱ्याचा एक सोनार. तिसऱ्या खेपेला मामा शेवंतीची कुंडी घेऊन आले, तर खाटेवरचा तरुण माणूस ओरडायला लागला. "नको! घेऊन जा! मला नको!" ओरडता ओरडता त्याला उबळ आली आणि उशी लाल झाली.

मेट्रनबाईंनी मामांना बोलावून घेतलं. मी तिथंच होते.

"सखाराम, कोण मरणार हे तुम्ही लोकांना सांगता?"

"न्हाई बाईसाहेब." मामा खाली बघत म्हणाले, "म्या मरनाऱ्याला कुंडी दिलीच न्हाई. ज्येला भेटाय कुनी येत न्हाई, त्येला दिली. ज्येंला कुनी भेटाय येत न्हाई त्ये मरत्यात, त्येला म्या काय करू?"

मेट्रनबाईंनी त्यांना जायला सांगितलं. त्या दिवसापासून कुंड्या मात्र बंद झाल्या.

ते टोपलीतलं झाड मेट्रनबाईंच्या भावानं पाठवलेलं. तो दक्षिण अमेरिकेत, ढगांत बुडालेल्या उंच डोंगरांत रेल्वेचं काम करायचा. लढाईच्या आधी त्यानं शेवाळात गुंडाळून पत्र्याच्या डब्यातून तीन रोपं बहिणीला धाडली, आणि डबा पाचगणीला पोचायच्या आतच तो तिकडं तापानं वारला. पत्र डब्यातच होतं. मेट्रनबाईंनी ते वाचून पेटीत ठेवलं आणि रोपं मामांच्या हवाली केली. पत्रात काय लिहिलंय, हे सांगायचं त्यांना दुःखात सुचलं नसावं. मामांनीही विचारलं नाही.

त्यांनी त्या झाडाचं नाव ठेवलं पाव्हणी.

तीनपैकी दोन त्यांनी आपल्या हातानं मारली, असं ते सांगायचे. पहिलं जमिनीत लावलं, शेणखत घातलं, आळं केलं. पंधरा दिवसांत ते बुडापासून कुजलं. ओढलं तर वरची पानं अख्खी हातात आली, आत नासक्या कांद्यासारखा वास. दुसरं कुंडीत वाळू घालून उन्हात ठेवलं, कोरफडीसारखं. त्याला वरून पाणीच घातलं नाही. ते वाळलं. मग मामा चार दिवस महाबळेश्वरच्या रानात गेले. तिथं जांभळीच्या फांद्यांवर सीतेची वेणी लगडलेली असते. मातीचा कण नाही, तरी हिरवीगार. ती कशाला धरून बसते, बुडाशी काय साचतं, पाणी कुठून जातं, हे ते झाडावर चढून बघत बसले. परतले ते जांभळीच्या सालीचं गाठोडं आणि नेच्याच्या मुळ्यांची जाळी घेऊनच. पट्ट्यांची टोपली केली, तळाला कोळसा आणि विटेचे तुकडे, वर साल आणि जाळी, आणि तिसरं रोप त्यात नुसतं टेकवून सुतळीनं बांधलं.

"हिची मुळी खात न्हाई बाई, नुसती धरती," त्यांनी मला समजावलं होतं. "ही पिती ती वरनं. ह्या पेल्यातनं. धुकं आलं की पानांवर बसतं, पानावरनं घरंगळून आत. आयुष्यभर तहान लागू द्या म्हणनारा मी, आन् माज्या पदरात ही पडली. हिचा पेला रिता ठिऊन चालतच न्हाई."

पाणी पावसाचंच लागायचं. विहिरीच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडत. पन्हाळीचं पाणी साठवायला मेट्रनबाईंनी हौसेनं तांब्याचा लखलखीत हंडा दिला. महिनाभरात पानांची टोकं जळाली, मधला कोंब तपकिरी पडायला लागला. मामांनी हंडा मुकाट्यानं परत नेऊन दिला आणि मातीचा रांजण आणला. कशावरून ओळखलंत, असं मी विचारलं. म्हणाले, "दुसरं काय बदललं हुतं?" एकदा लेंडीखताचं पाणी जास्त झालं, तर पानं लांब, लुळी आणि नुसती हिरवी झाली, ठिपके गेले. "खाऊन माजली," म्हणाले. पुन्हा वर्षभर काही दिलं नाही, तेव्हा रंग परतला. चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या अंगाला ते ओली गोणपाटं टांगायचे. मुसळधार पावसात टोपली आत सरकवायचे, कारण धुकं आणि झोड यांत फरक आहे. दर चौथ्या दिवशी टोपली तिरकी करून जुनं पाणी ओतून नवं भरायचे. करंगळीचा वास त्यासाठी.

हे सगळं त्यांनी तीन वर्षांत नुसतं बघून शोधलं होतं. मी आल्यावर एकदा मेट्रनबाईंनी ते पत्र मला दाखवलं, आणि मामांनी मला ते मराठीतून सांगायला लावलं. पत्रातली एकेक गोष्ट ऐकून ते मान हलवत होते. साल, व्हय. पावसाचं पाणी, व्हय. रात्री गार हवा, व्हय. मग मी पुढं वाचलं: आठ-दहा वर्षांनी एकदाच फूल येतं. लाल दांडा, त्यात निळी फुलं. फूल येऊन गेलं की झाड मरतं, पण मरता मरता बुडाशी पिल्लं देतं. घाई असेल तर धूर द्यावा, म्हणजे लवकर फुलतं.

"फूल आलं की मरती?" मामांनी विचारलं.

"असं लिहिलंय."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. मेट्रनबाई मधून मधून धुराचा विषय काढायच्या. भावानं शेवटची पाठवलेली वस्तू, तिचं फूल डोळ्यांनी बघावंसं त्यांना वाटायचं, त्यात गैर काही नव्हतं. पण मामा ऐकायचे नाहीत. "धूर दिऊन पिकवाया ती काय केळी हायती व्हय बाईसाहेब? यील तवा यील."

बेचाळीसच्या आरंभी सिंगापूर पडलं. भिकूची पलटण तिकडंच होती. उन्हाळ्यात कागद आला, त्यात एवढंच होतं, की त्याचा पत्ता लागत नाही. तो कागदही मीच वाचला. मामांनी विचारलं, "मेला असं लिवलंय?" मी नाही म्हटलं. त्यांनी कागद घडी घालून मुंडाशात ठेवला आणि खुरपं उचललं. त्यानंतर साडेतीन वर्षं त्यांनी भिकूचं नाव माझ्यासमोर घेतलं नाही.

त्याच सुमारास हिवतापाची साथ आली आणि साचलेल्या पाण्यावर रॉकेल शिंपडत एक इन्स्पेक्टर गावभर फिरू लागला. आमच्याकडं आला तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला पाव्हणीच्या पेल्यात पाणी दिसलं. त्यानं पिचकारी वर केली. मामा टोपलीपुढं आडवे झाले.

"बाजूला हो. डासांची पैदास होते यात."

"न्हाई हुत. चवथ्या दिशी पानी बदलतोय. डासाला आठवडा लागतो."

"तुला कुणी शिकवलं?"

"डासानंच."

खाटांवरची माणसं हसली. इन्स्पेक्टर चिडला, त्यानं मामांना ढकललं, आणि पिचकारीतलं रॉकेल त्यांच्या डोळ्यांत उडालं. मी धावले. डोळे धुऊन काढले तरी उजव्या डोळ्यावर त्यानंतर कायमचा पडदा राहिला. डोळे धुताना ते मला म्हणत होते, "बास, बास, लय पानी घालू नगा." इन्स्पेक्टर घाबरून निघून गेला. पाव्हणीला थेंबही लागला नव्हता.

पंचेचाळीसच्या थंडीत भिकू परत आला.

मुंबईच्या लष्करी इस्पितळातून त्याला थेट आमच्याकडं पाठवलं होतं. स्ट्रेचरवरून उतरवला तेव्हा मला तो चाळिशीचा वाटला. होता पंचवीसचा. जपान्यांच्या छावणीत तीन वर्षं काढली होती. दोन्ही फुफ्फुसं गेलेली. मामा मेहंदीचं कुंपण कापत होते. ते स्ट्रेचरच्या बाजूनं चालत आले, पोराच्या कपाळावर पालथा हात ठेवला, आणि व्हरांड्यापर्यंत चालत राहिले. मेट्रनबाईंनी त्याला टोकाची खाट दिली, जिथं हवा सगळ्यांत चांगली. म्हणजे पाव्हणीच्या खालची.

बापलेक फारसं बोलत नसत. ताटातुटीच्या सात वर्षांत दोघांचंही बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, किंवा फार होतं. मामा सकाळी येत, टोपलीत करंगळी बुडवत आणि म्हणत, "आज दोन बोटं पानी हाय." भिकू म्हणे, "काल अडीच हुतं." एवढंच. पण तेवढ्यावर माणूस सावरायला लागला. माघात त्याचं वजन वाढलं. पलटणीत तो थोडं इंग्रजी शिकला होता. मेट्रनबाईंकडून ते पत्र मागून घेऊन त्यानं बापाला पुन्हा एकदा सगळं वाचून दाखवलं, फुलासकट. मामा त्याच्या खाटेवर पायथ्याशी बसायचे. रोग्याच्या खाटेवर बसायचं नाही असा नियम होता. मी एकदा हटकलं, तर उठले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले.

फाल्गुनात भिकूला रक्ताची उलटी झाली. मोठी होती. त्यानंतर त्याला उताणं निजवून ठेवलं. मान वळवायची नाही, हात उचलायचा नाही, बोलायचं तेही कुजबुजून.

आणि त्याच आठवड्यात टोपली जागेवरून नाहीशी झाली.

"पाव्हणी कुठंय?" मी मामांना विचारलं.

"ऊन लागाय लागलंय. मागं नेली." हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

मेट्रनबाई मात्र शोधत हत्यारांच्या खोपटामागं गेल्या. मी त्यांच्याबरोबर होते. पत्र्याच्या सावलीत टोपली ठेवली होती, आणि पेल्याच्या मधून वीतभर लाल दांडा वर आला होता. लाल म्हणजे कसा, तर डोळ्याला बोचावा असा. कुठं कुठं निळं टोक डोकावत होतं. मेट्रनबाई पालथ्या घातलेल्या एका कुंडीवर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

मामा तिथं आले तेव्हा त्या उठल्या. "आठ वर्षं मी वाट पाहिली, सखाराम. तुम्ही हे माझ्यापासून लपवलंत?"

"तुमच्यापास्नं न्हाई, बाईसाहेब."

मेट्रनबाईंनी व्हरांड्याच्या दिशेनं पाहिलं. समजल्या. "त्याला ठाऊक आहे का, फुलल्यावर काय होतं ते?"

"त्येनंच वाचून दावलंय मला."

मेट्रनबाई कडक बाई होत्या. रडल्या नाहीत. "इथं पत्र्याखाली ते भाजून निघेल," त्या म्हणाल्या. "माझ्या बंगल्यावर न्या. उत्तरेच्या खिडकीत."

त्यानंतर दहा-बारा दिवस गेले असतील. मी भिकूचा ताप बघत होते. तो कुजबुजला, "शिस्टर, फूल पत्रात लिवल्यागत निळंच हाय का?"

"कसलं फूल?"

तो किंचित हसला. "तुमीबी का? आबा आता पानी किती हाय ते सांगत न्हाईत. टोपली उन्हाला नेली म्हनत्यात. फाल्गुनात हितं कसलं ऊन?" त्याला दम लागला. मी गप्प राहायची खूण केली, पण तो थांबला नाही. "आबास्नी सांगा, म्या तीन वर्सं मानसं मरताना बगितल्यात. एका झाडानं मला काय हुतंय? बगून मेलो तर बगून मरंन. न्हाई बगितलं तर नुसताच मरंन."

मी जाऊन मामांना सांगितलं. ते कुंपण कापत होते. कात्री चालूच राहिली.

"तुमी सांगितलं?"

"नाही मामा. त्यालाच कळलं."

आणखी थोडं कुंपण कापून झालं. मग त्यांनी कात्री खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि बंगल्याकडं गेले.

टोपली ते मानेवरून घेऊन आले, धनगर लंगडं कोकरू घेतो तशी. जुन्या जागी टांगली, पण ती उंच होती आणि भिकूला मान उचलायची बंदी. तेव्हा मामांनी ती पुन्हा काढली आणि दोन्ही हातांवर तोलून धरून पोराच्या तोंडासमोर आणली. त्या दिवशी तीन निळी फुलं उमलली होती. एकेक फूल एकच दिवस टिकायचं. लाल दांडा मात्र महिनोन् महिने राहणार होता.

भिकू बघत राहिला.

"आसू द्या, आबा. दमशीला."

"दमत न्हाई."

ओल्या सालीनं टोपली चांगली जड झालेली. मामांचे दंड थरथरायला लागले होते. मी हात लावायला पुढं झाले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

पुढं रोज सकाळी ते तसं धरायचे. आज किती उमलली, हे भिकू बोटांनी दाखवायचा. चैत्र संपत आला होता. एका दुपारी मामा रांजणाकडं पाणी आणायला गेले असताना भिकूला शेवटची उलटी झाली. मी त्याचं डोकं धरलं होतं. चार-पाच मिनिटं लागली असतील. मामा लोटी घेऊन परत आले तेव्हा मी त्याचे डोळे मिटत होते.

क्षयाचं प्रेत नातेवाइकांनी धुवायचं नाही, असा आमच्याकडं नियम होता. ते काम आम्ही औषधाच्या पाण्यानं, हातमोजे घालून करायचो. मामांनी मला बाजूला केलं. मी नियम सांगितला. त्यांनी ऐकला, आणि मोरीतून बादली आणली. पोराचं तोंड, केस, बरगड्या, नखं, सगळं त्यांनी उघड्या हातांनी धुतलं. एक बादली संपली तशी दुसरी आणली, मग तिसरी. पाणी व्हरांड्यातून वाहत पायरीवरून खाली चाललं होतं. कुणी त्यांना अडवलं नाही. मेट्रनबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही नाही.

मला वाटलं, आता ते जातील. पण ते गेले नाहीत. पाव्हणीच्या बुडाशी पिल्लं धरली होती. ती आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाल्याशिवाय तोडायची नसतात, नाहीतर जगत नाहीत. ते पावसाळाभर थांबले. आईची पानं बाहेरून एकेक वाळत गेली, तशी ते एकेक काढत गेले, आणि पेल्यात पाणी ठेवत गेले, कारण पिल्लं अजून तिच्यावरच जगत होती. दिवाळीच्या पुढं त्यांनी धारदार सुरीनं तीन पिल्लं सोडवली, कापल्या जागी राख लावली, दोन दिवस सावलीत सुकू दिली, आणि सालीवर बांधली. मेट्रनबाईंचा मायदेशी परतायचा विचार त्या सुमारास पक्का झाला होता. मामांनी एक रोप त्यांच्यापुढं केलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडच्या थंडीत ते उघड्यावर जगायचं नाही, सखाराम. आणि काचघर बांधायचं माझं वय नाही."

तिसऱ्या दिवशी मामा गाठोडं घेऊन निघाले. मी फाटकापर्यंत गेले.

"एक तरी न्या मामा."

"माणात धुकं कुठनं आनू, बाई?"

बोलताना त्यांना खोकला आला. धूळ लागली असेल, असं मी धरून चालले. मी नर्स होते. त्या खोकल्याकडं मी वळूनही पाहिलं नाही, हे मला अजून खातं.

पुढं मी ती नोकरी सोडून सरकारी खात्यात लागले. एकोणपन्नास साली माणात पाऊस नव्हता, दुष्काळी कामं निघाली होती, आणि मजुरांना देवी टोचायला आम्हाला तिकडं धाडलं. उघड्या माळावर रस्त्यासाठी खडी फोडायचं काम चाललं होतं. शे-दीडशे माणसं, बाया, पोरं ओळीनं बसलेली, हातोड्यांचा एकसारखा आवाज. एकेकजण उठून माझ्यापुढं येत होता.

सगळ्यांत शेवटी एक म्हातारा आला. त्यानं तोंडाला फडकं बांधलं होतं. दंड पुढं करून त्यानं मान पार पलीकडं वळवली, तशी उजव्या डोळ्यावरचा पडदा मला दिसला.

"मामा!"

"लांबनंच टोचा, बाई," ते म्हणाले. "वारं तुमच्याकडं हाय."

मी मनगट धरलं. हाड आणि कातडं. भाजत होतं.

"कधीपासून?"

"झालं की दीड वरीस."

"पाचगणीला चला. मी चिठ्ठी देते. ओळखीचे डॉक्टर आहेत अजून."

"नगं. तिथली एक खाट अडवून काय करू?" त्यांनी बाही खाली ओढली. "तुमच्या आईची तब्येत बरी हाय न्हवं?"

मी हो म्हटलं. आई त्याच वर्षी गेली होती. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही. त्यांनी मान डोलावली आणि परत निघाले. सुईपेटी आवरता आवरता मी मुकादमाला विचारलं, हा म्हातारा कसा आहे?

"लय भांडकुदळ. काम करतो, पन् मानसात बसत न्हाई. कुनी शेजारी बसाय गेलं तर अंगावर येतो."

मी मुकादमाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांना तेवढ्या कामावरूनही त्याच दिवशी उठवलं असतं.

ओळीच्या अगदी शेवटी, वारा माणसांकडून त्यांच्याकडं वाहील अशा अंगाला मामा जाऊन बसले. त्यांच्या आणि शेवटच्या बाईच्या मधे वीस-पंचवीस हात रिकामी जमीन होती. त्या बाईचं दोन-अडीच वर्षांचं पोर खेळत खेळत त्या रिकाम्या जागेत शिरलं आणि त्यांच्याकडं दुडदुडत निघालं. मामांनी हातोडा खाली ठेवला. एक लहानसा खडा उचलून त्यांनी पोराच्या पुढ्यात, पायाला लागणार नाही असा नेमका फेकला. पोर दचकलं, भोकाड पसरून आईकडं पळालं. आईनं तिकडून शिवी हासडली.

मामांनी फडकं नीट वर ओढलं आणि हातोडा उचलला.